इंदूरहून बीडीएसला अर्ज: नीटच्या निकालापासून शेवटच्या फेरीपर्यंत

बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, प्रवेशाला मुलाखत नसते. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण नीटचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो: "मॅडम, इंटरव्ह्यूला काय विचारतात हो?" कुणी अमेरिकेतल्या भाचीचं ऐकलेलं असतं, कुणी एखाद्या खासगी विद्यापीठाच्या एमबीएचं. आपल्याकडे दंतवैद्यकाची जागा ठरते ती नीटच्या रँकवर, तुम्ही भरलेल्या पसंतीक्रमावर आणि कागदपत्रांवर. चौथं काही नाही. "मुलीला इंटरव्ह्यूला घेऊन या, सीट ब्लॉक करून ठेवतो" असं कुणी फोनवर म्हणालं, तर तो एजंट आहे हे ओळखून सीटऐवजी त्याचा नंबर ब्लॉक करायचा. २०१३ साली व्यापमचं, म्हणजे मध्य प्रदेशातल्या प्रवेश-भरती परीक्षांच्या घोटाळ्याचं, प्रकरण ज्या शहराच्या पोलिसांनी उजेडात आणलं, तिथल्या लोकांना हे सांगावं लागू नये. पण दर पावसाळ्यात सांगावं लागतं.

मुलाखत नसली तरी वाट भरपूर पाहावी लागते. परीक्षा मेमध्ये, निकाल जूनमध्ये, आणि जागावाटपाच्या, म्हणजे काउन्सेलिंगच्या, फेऱ्या लांबत लांबत दिवाळीच्या तोंडाशी येतात. रँक कमी पडल्यामुळे जागा गेली तर तिला इलाज नाही. पण हातात आलेली जागा दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत सुटते, तेव्हा चुटपुट लागते. म्हणून या लेखात अभ्यासाबद्दल एक अक्षर नाही. निकालानंतर काय करायचं, तेवढंच आहे.

पात्रता, थोडक्यात

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. नीट ७२० गुणांची, आणि पात्रतेसाठी खुल्या वर्गाला ५० वं पर्सेंटाइल लागतं, राखीव वर्गांना ४० वं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तर किती टक्के परीक्षार्थी तुमच्या मागं आहेत तो आकडा; ५० वं पर्सेंटाइल ३६० गुणांच्या बरंच खाली असतं. आमचं पोरगं "नापास" झालं म्हणून रडत बसलेल्या घरी हे सांगितलं की चहा तरी होतो.

पुढच्या वर्षी बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत निघते, पण ती महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. इंदूरचं केंद्र घेतलं तर हिंदी किंवा इंग्रजी धरून चाला.

आपलं राज्य कोणतं, हे कागदावर ठरतं

इंदूरच्या मराठी घरांची सगळ्यात मोठी गल्लत इथं होते. मावशी पुण्याला, काका ठाण्याला, आजोळ नागपूरला. मग मुलीला महाराष्ट्रातच घालू, राहायचीही सोय होईल. भावना रास्त आहे. पण मराठी बोलतो म्हणून महाराष्ट्राच्या कोट्यातली जागा मिळत नाही. तिथल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवासाचा दाखला लागतो, आणि दहावी-बारावीही तिथूनच झालेली लागते. सरकारी नोकरांच्या बदलीसारखे काही अपवाद आहेत, पण ते बारकाईनं वाचल्याशिवाय आपल्याला लागू आहेत असं गृहीत धरू नये. होळकरांच्या काळापासून इथं राहणाऱ्या घरातली मुलगी प्रवेशाच्या हिशेबात पक्की मध्य प्रदेशची आहे, आणि तिनं तसंच राहण्यात तिचा फायदा आहे.

तो फायदा मिळतो मूल निवासी प्रमाणपत्रानं, म्हणजे इथल्या अधिवासाच्या दाखल्यानं. लोकसेवा केंद्रात किंवा ऑनलाइन अर्ज करा, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) आणि आधार जवळ ठेवा, आणि हे काम निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच उरका. जूनमध्ये सगळं शहर त्याच खिडकीवर असतं. ज्यांची बदली होऊन इथं येणं झालंय, त्यांनी अटी आधी समजून घ्याव्यात. दोन राज्यांचे दाखले काढून दोन्हीकडे राज्य कोट्यातून अर्ज करायची अक्कल कुणी शिकवली तर शिकवणाऱ्याला दुरून नमस्कार करा. पकडलं गेलं तर प्रवेश जातो, शिवाय खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याचं लचांड मागं लागतं.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. आजोबांचा सोलापूरचा किंवा अमरावतीचा दाखला इथं पुढं केला तर मध्य प्रदेशच्या राज्य कोट्यात तो चालत नाही. इथल्या सक्षम अधिकाऱ्यानं दिलेला, इथल्या नमुन्यातला लागतो, आणि जात इथल्या यादीत असावी लागते. अखिल भारतीय कोट्यासाठी, म्हणजे सरकारी महाविद्यालयांतल्या देशभरातल्या मुलांना खुल्या असलेल्या १५ टक्के जागांसाठी, ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं, केंद्राच्या यादीप्रमाणं आणि नॉन क्रीमीलेअरचं हवं. राज्याच्या नमुन्यावर भागत नाही, तेव्हा दोन्ही काढून ठेवा. महाराष्ट्रातल्या मराठा आरक्षणाचा इंदूरच्या मुलाला काही उपयोग नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर त्यानं ईडब्ल्यूएसचा दाखला बघावा. तो चालू आर्थिक वर्षाचा लागतो, मागच्या वर्षीचा फोटोकॉपीवाल्याकडं लॅमिनेट करून ठेवलाय म्हणून भागत नाही.

सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी मध्य प्रदेशात वेगळं पाच टक्के आरक्षण आहे. मराठी घरांत याची फारशी चर्चा ऐकू येत नाही, पण लागू असेल तर शाळेकडून तसं प्रमाणपत्र घ्या.

नावाचा घोळही आताच मिटवा. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव लावायची पद्धत. दहावीच्या गुणपत्रिकेवर ते नाही, आधारवर आहे, आणि मूल निवासीच्या हिंदी कागदावर काळेचं काले झालेलं आहे. पडताळणीच्या टेबलावरचा माणूस इंदुरी असेल तर हसून पुढं सरकवेल, नागपूर-मुंबईचा असेल तर खोळंबा करेल. दहावीची गुणपत्रिका हा पाया धरा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या.

दोन ठिकाणी नोंदणी, आणि ती स्वतःच्या मोबाइलवरून

पहिली नोंदणी दिल्लीच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीकडं, जिला सगळे एमसीसी म्हणतात. देशभरातल्या सरकारी दंत महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा, केंद्रीय विद्यापीठांतल्या जागा आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या सगळ्या जागा तिच्याकडून भरल्या जातात. दुसरी नोंदणी राज्याची, वैद्यकीय शिक्षण संचालनालयाची. ती एमपी ऑनलाइनच्या पोर्टलवर होते. राज्यातल्या सरकारी महाविद्यालयाच्या उरलेल्या ८५ टक्के जागा आणि खासगी दंत महाविद्यालयांच्या जागा या वाटेनं जातात. दोन्ही ठिकाणी नोंदवा. एकीकडं नोंदवलं म्हणून दुसरीकडं आपोआप होत नाही.

एमसीसीकडं अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या वर्गाला १,००० रुपये शुल्क आणि १०,००० रुपये परत मिळणारी ठेव असते. राखीव वर्गांना ५०० आणि ५,०००. अभिमत विद्यापीठांचा पर्याय घेतला की शुल्क ५,००० आणि ठेव थेट दोन लाख होते. पुण्या-मुंबईतल्या अभिमत महाविद्यालयांची चार वर्षांची फी झेपणार नाही हे घरी ठरलेलं असेल, तर उगाच दोन लाख अडकवू नका. शिवाय अनुसूचित जाती किंवा ओबीसीचा दाखला अभिमतच्या जागांना कामाचा नसतो.

आता कियोस्कबद्दल, म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांबद्दल. भंवरकुआँ, गीता भवन, कुठंही जा, "काउन्सेलिंग फॉर्म भरे जाते हैं" असा फ्लेक्स दिसेल. फॉर्म भरायला कियोस्कची मदत घ्यायला हरकत नाही, पण मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. दुकानदार घाईत स्वतःचा नंबर टाकतो, मग प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दारात उभं राहावं लागतं आणि रात्री साडेअकराला त्याचं दुकान बंद असतं. पैसे भरतानाही स्वतःच्या खात्यातून भरा. ठेव परत येते ती ज्या खात्यातून किंवा कार्डावरून गेली तिथंच. कियोस्कवाल्याच्या कार्डावरून भरलेले दहा हजार त्याच्याच खात्यात परत जातील, आणि तोवर त्याला तुमचा चेहराही आठवत नसेल.

पासवर्ड वहीत लिहा. नीटच्या अर्जाला लावलेल्याच फोटोच्या बऱ्याच प्रती काढून ठेवा. एमसीसीच्या यादीतच आठ पासपोर्ट फोटो असतात, राज्याचे वेगळे.

पसंतीक्रम भरताना

पसंतीक्रम कसा वाचला जातो हे समजलं की अर्धी भीती जाते. संगणक आधी रँक बघतो. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून खाली वाचत जातो आणि ज्या पहिल्या ठिकाणी जागा शिल्लक असेल ती तुम्हाला देतो. वरची दहा महाविद्यालयं आवाक्याबाहेरची लिहिली म्हणून अकराव्याची शक्यता कमी होत नाही. "मोठी नावं लिहिली तर छोटंही जाईल" ही समजूत कुठून निघाली कोण जाणे, पण ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. आधी भरलं की आधी मिळतं, हेही खरं नाही.

क्रम खऱ्या इच्छेचा लावा आणि जिथं जायचंच नाही ते लिहू नका. यातल्या दुसऱ्या अर्ध्याकडं लोक दुर्लक्ष करतात. शंभर पर्याय भरले की बरं वाटतं, मग एखाद्या लांबच्या राज्यातलं कॉलेज मिळतं आणि घरात दोन दिवस कुणी जेवत नाही.

आपल्या बाजूनं यादी कशी दिसावी, याचा एक साचा सांगते. मध्य प्रदेशात सरकारी बीडीएस म्हटलं की इंदूरचं शासकीय दंत महाविद्यालय, १९६१ पासूनचं, एमवाय हॉस्पिटलच्या समोर. राज्याच्या यादीत सर्वात वर तेच असणार, हे ग्वाल्हेर-जबलपूरच्या मुलांनाही ठाऊक असतं, म्हणून तिथलं कटऑफ चढं असतं. त्याखाली खासगी: इंदूर परिसरात मॉडर्न, इंडेक्स, श्री अरबिंदो, राऊचं कॉलेज, ग्वाल्हेरला महाराणा प्रताप. एमसीसीच्या यादीत अखिल भारतीय कोट्यातून मुंबईचं आणि नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचं, मुंबईचं नायर, आणि रँक चांगला असेल तर दिल्लीचं मौलाना आझाद. ठाण्याच्या काकांकडं राहायचं असेल तर खरी वाट ही आहे, राज्य कोट्याची नव्हे. महाराष्ट्रातल्या खासगी महाविद्यालयांत १५ टक्के संस्थात्मक कोटा बाहेरच्या राज्यांतल्या मुलांना खुला असतो, त्याची नोंदणी तिथल्या सीईटी सेलकडं (महाराष्ट्र सरकारच्या प्रवेश कक्षाकडं) वेगळी करावी लागते. फी मात्र डोळे उघडे ठेवून वाचा.

फीचा विषय निघालाच आहे. मध्य प्रदेशात खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचं शुल्क ठरवायला भोपाळची प्रवेश व शुल्क विनियामक समिती आहे. तिच्या अधिकारांना खासगी महाविद्यालयांनी आव्हान दिलं होतं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्याचा २००७ चा कायदा कायम ठेवला. या निकालाचा तुम्हाला उपयोग एवढाच की समितीनं जाहीर केलेला आकडा छापून घ्या आणि कॉलेजच्या काउंटरवर सांगितलेल्या आकड्याशी ताडून बघा. फरक हॉस्टेल, बस, "डेव्हलपमेंट" आणि साहित्याच्या नावाखाली येतो. खासगी विद्यापीठाच्या छत्राखालचं कॉलेज असेल तर त्याचं शुल्क कुणी मंजूर केलंय, हे वेगळं विचारा, आणि लेखी घ्या.

एमबीबीएस आणि बीडीएस एकाच यादीत भरता येतात, आणि इथं घरचा खरा प्रश्न उघडा पडतो. एमबीबीएसची सगळी नावं संपली की खाली बीडीएसची नावं "असू द्या" म्हणून टाकली जातात. असं टाकू नका. बीडीएस हवं की पुन्हा एक वर्ष नीट, हे यादी भरायच्या आधी ठरवा. जागा मिळाल्यावर ठरवायला बसलात तर हातात तीन-चार दिवस असतात आणि त्यात सगळे नातेवाईक बोलून घेतात.

कॉलेज स्वतः बघून या

हे काम फेऱ्या सुरू व्हायच्या आधी, कामाच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला करायचं. गेटचा फोटो किंवा ब्रोशर बघून दंत महाविद्यालय कळत नाही. ओपीडी बघून कळतं. बीडीएसची तिसऱ्या वर्षापासूनची सगळी मजा रुग्णांवर अवलंबून आहे. रुग्ण नसतील तर मुलं एकमेकांचे दात साफ करत बसतात.

पर्ची काढायच्या खिडकीशी उभं राहा आणि रांग बघा. मग वर जा. खुर्च्या किती आहेत ते मोजू नका, किती चालू आहेत ते बघा: थुंकण्याच्या भांड्यात पाणी येतंय का, दिवा लागतोय का, पोरांच्या हातात ग्लव्ह्ज आहेत का. इंदूरच्या सरकारी ओपीडीत मालवा-निमाड दोन्हीकडचे रुग्ण येतात, धार, झाबुआ, खरगोन. त्यांतले कितीतरी गुटख्यानं तोंड आखडलेले. इंटर्न त्या माणसाला स्वतःचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगतो. निरोगी तोंडात तिन्ही मावतात. इथं दोन जातात, कधी दीड. तो माणूस तिसरं बोट तसंच बाहेर धरून तुमच्याकडं बघत राहतो. हे बघून पोरगी मागं सरली की पुढं वाकली, यावरून आईला बरंच काही कळतं.

तिथल्या इंटर्नला कँटीनमध्ये गाठा. प्रिन्सिपल सर सांगणार नाहीत ते तो सांगतो. त्याला विचारा: दात काढायला किती मिळाले, रूट कॅनॉल स्वतः केलं की बघितलं, कवळीच्या पेशंटांचा ठरवून दिलेला आकडा पूर्ण करायला स्वतःच्या खिशातून खर्च करावा लागतो का, इंटर्नशिपचं स्टायपेंड वेळेवर येतं का. शेवटच्या प्रश्नाला तो हसला तर उत्तर मिळालं.

हाताला हे काम आवडेल का, हेही आधी बघता येतं. पहिल्या वर्षात मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे असतात, मिलिमीटरच्या मापानं. अंगाच्या साबणाची नवी वडी घ्या, छोटी सुरी घ्या, आरशात स्वतःची दाढ बघा आणि ती दुप्पट आकारात कोरून काढा. सुबक होणार नाहीच. पण अर्ध्या तासानं मान वर केली तेव्हा वेळ गेलेला कळला नसेल, तर हा धंदा तुमचा आहे. दहा मिनिटांत मोबाइल हातात आला असेल तर थोडा विचार करा.

दोन फेऱ्यांच्या मधले दिवस

आता मुख्य भाग. एमसीसीच्या पहिल्या फेरीत जागा मिळूनही गेला नाहीत तर ठेव जात नाही; मोकळं सुटता येतं. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर ठेव जप्त होते. तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. शेवटच्या, म्हणजे स्ट्रे फेरीत जागा मिळून गेलाच नाहीत तर ठेव तर जातेच, पुढच्या वर्षीच्या नीटलाही मुकावं लागू शकतं. राज्याचे नियम थोडे वेगळे असतात आणि दरवर्षी हलतात, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून "सीट सोडणे" हा भाग आधी वाचा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

अपग्रेडेशन म्हणजे पहिल्या फेरीतली जागा हातात ठेवून दुसऱ्या फेरीत वरच्या पसंतीची वाट बघणं. त्यासाठी पहिल्या जागेवर जाऊन प्रवेश घ्यावा लागतो आणि तिथंच "हो, अपग्रेड हवं" असं नोंदवावं लागतं. वरची जागा मिळाली की खालची आपोआप रद्द होते. मग "आधीचीच बरी होती" म्हणून परत जाता येत नाही. म्हणजे दुसऱ्या फेरीसाठी यादी भरताना हातातल्या जागेपेक्षा जे मनापासून वरचं वाटतं तेवढंच लिहायचं. हे एक वाक्य मी फोनवर इतक्यांदा सांगते की घरच्यांना पाठ झालंय.

या काळात मूळ कागद कुठंही जमा करून बसू नका. एक वर्ष वाया नको म्हणून बीएस्सीला नाव घातलेलं असतं आणि टीसी, गुणपत्रिका तिथल्या बाबूच्या कपाटात. जागा मिळते शुक्रवारी, हजर व्हायचं असतं मंगळवारपर्यंत, आणि बाबू रजेवर. मूळ कागद दाखवल्याशिवाय प्रवेश होत नाही, "तिकडं जमा आहेत" अशी चिठ्ठी चालेल या भरवशावर राहू नका. नाव घालावंच लागलं तर कागद किती दिवसांत परत मिळतील हे आधी विचारा. उलट, काउन्सेलिंग चालू असताना शनिवार-रविवारही कामाचा दिवस धरला जातो, तेव्हा कॉलेज बंद असेल या समजुतीनं सोमवारची वाट बघू नका.

दिवसातून दोनदा, सकाळी आणि झोपण्याआधी, दोन्ही संकेतस्थळं बघा. तारखा पुढं सरकतात, कधी निकाल लागतो आणि दुसऱ्या दिवशी सुधारून पुन्हा लागतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी पीडीएफ ही सूचना समजा, पुरावा नव्हे. वेळापत्रक कोर्टातही अडकतं. ४ मे २०२५ ला नीटच्या दिवशी इंदुरात वादळ-पाऊस झाला, काही केंद्रांची वीज गेली, मुलांनी अंधुक उजेडात पेपर सोडवला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जूनअखेर फेरपरीक्षेचा आदेश झाला आणि जुलैमध्ये खंडपीठानं तो फिरवला. मुलांची तक्रार खरीच होती. पण अशा वेळी दावा चालू ठेवूनही आहे त्या गुणांवर नोंदणी करून ठेवावी, कारण काउन्सेलिंग तुमच्या तारखेसाठी थांबेलच असं नाही.

फेऱ्या गणपतीत येतात हेही ध्यानात ठेवा. मुंबईला हजर व्हायचं असेल तर अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट त्या आठवड्यात मिळणं कठीण, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री झाँक्यांच्या मिरवणुकीमुळं गावातून स्टेशनपर्यंत पोचणं त्याहून कठीण. वडिलांची रजा, थोडी रोख रक्कम, डिमांड ड्राफ्ट लागलाच तर बँकेची वेळ, हे सगळं आधी बोलून ठेवा.

जागा मिळत नाही म्हणून सप्टेंबरात धीर सोडून एजंटाकडं धावू नका. बीडीएसच्या खासगी जागा शेवटपर्यंत उरतात. २०२०-२१ मध्ये देशभरात हजारो जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये पात्रतेचं पर्सेंटाइल दहानं खाली आणायला लावलं. दरवर्षी असं होईल या आशेवर बसायचं नाही, पण जुलैत "आता भरले नाहीत तर सीट जाईल" म्हणून टोकन मागणाऱ्यावर विश्वासही ठेवायचा नाही. जागा कॉलेजच्या मालकाच्या हातात नसते, अनिवासी भारतीयांच्या (एनआरआय) कोट्याचीही नसते.

मुलाखत खरोखर कुठं असते

परदेशात. ब्रिटनमध्ये दंतवैद्यकासाठी यूकॅट नावाची परीक्षा, आदल्या वर्षी १५ ऑक्टोबरपर्यंत अर्ज, जास्तीत जास्त चार ठिकाणी, आणि मग मुलाखती. त्याही बहुतेक ठिकाणी छोट्या छोट्या टप्प्यांच्या, प्रत्येक टेबलावर नवा प्रश्न. अमेरिकेत बारावीनंतर थेट जाता येत नाही, आधी कॉलेजची काही वर्षं लागतात. इथून बीडीएस करून जाणाऱ्यांसाठी तिथं दोन-तीन वर्षांचे वेगळे अभ्यासक्रम आहेत. त्यासाठी तिथली बोर्डाची परीक्षा, मग मुलाखत आणि पुष्कळ ठिकाणी हातानं दात कोरून दाखवायची बेंच टेस्ट. बारावीच्या मुलानं आज त्याची चिंता करू नये. परदेशातून पदवी घेऊन भारतात काम करायचं झालं तर इथली स्क्रीनिंग परीक्षा द्यावी लागते, एवढं मात्र एखाद्या स्वस्त परदेशी कॉलेजचा फ्लेक्स बघून भुलण्याआधी आठवा.

जागा मिळाल्यावर

हजर होताना मूळ कागदांचा एक गठ्ठा, साक्षांकित प्रतींचे दोन. नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, वाटपपत्र, दहावी-बारावी, टीसी, मूल निवासी, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला, ओळखपत्र. बारावीनंतर गॅप, म्हणजे मधे वर्ष गेलेलं, असेल तर शपथपत्र. प्रवेशाची पावती आणि पोर्टलवर निघालेलं प्रवेशपत्र हातात घेतल्याशिवाय त्या इमारतीतून बाहेर पडू नका. कॉलेजनं प्रवेश दिला पण पोर्टलवर चढवलाच नाही, असं झालं तर जागा कागदोपत्री रिकामी दिसते आणि पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाते.

साहित्याची खरेदी लगेच करू नका. बाहेरचे दुकानदार पहिल्याच दिवशी "फर्स्ट इयर किट" घेऊन उभे असतात. विभागाची यादी येऊ द्या, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटा. ॲप्रन नवा घ्यावा, हाडांचा सेट आणि पुस्तकं जुनी चालतात, मेण कोरायचं लेक्रॉन कार्व्हर मात्र चांगल्या कंपनीचं नवंच घ्या, कारण ते पाचही वर्षं खिशात राहतं.